फोनला दिसतं, लॅपटॉपला नाही
वर विचारलंय की घरचं वायफाय फोनला दिसतं, पण जुन्या लॅपटॉपच्या यादीत नावच येत नाही. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकण्याआधी लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड कोणतं आहे ते बघा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप करा. 'रेडिओ टाइप्स' समोर ८०२.११ बी, जी, एन (वायफायचे जुने प्रकार) एवढंच असेल, तर ते कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ या वायफाय पट्ट्याचं, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला कधीच दिसणार नाही. राउटरवर २.४ चालू करा, त्याला वेगळं नाव द्या, चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा. 'ऑटो'वर राउटर कधीकधी १२-१३ पकडतो आणि काही जुनी कार्डं तिथे पोचतच नाहीत. नाव दिसूनही जोडणी होत नसेल, तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (नवी सुरक्षा पद्धत) वर नाही ना, ते तपासा, असेल तर डब्ल्यूपीए२-एईएस (आधीची पद्धत) करा. पासवर्ड मात्र काढू नका!