१ करिंथ ६ वर्गात शिकवायचा आहे, आणि डब्यात एक चिठ्ठी आली आहे

शब्बाथशाळा_पुणे

सर्वांना सलाम. मी पुण्यातल्या एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाचा, मोठा वर्ग घेते. आठवी ते बारावीची मुलं-मुली एकत्र बसतात. पुढच्या महिन्यात बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा भाग, १ करिंथ ६:१२–२० आहे: जारकर्मापासून (लग्नाबाहेरच्या शरीरसंबंधांपासून) पळा, शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, शरीराने देवाचं गौरव करा. मला मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मे महिन्यात आमची मुलं एका शिबिराला गेली होती. तिथल्या पाहुण्या वक्त्याने टवटवीत गुलाब आणला, सगळ्यांच्या हातांतून फिरवला आणि प्रत्येकाला एकेक पाकळी खुडायला लावली. शेवटी उरलेला देठ वर धरून विचारलं, "आता हे कुणाला हवंय?" मी मागच्या रांगेत होते. मुलगे हसले. मुली हसल्या नाहीत. गुलाब म्हणजे मुलगी, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पाकळ्या खुडणाऱ्या हातांबद्दल मात्र वक्ता अवाक्षर बोलला नाही.

वर्गात मी पत्र्याचा एक डबा ठेवते, त्यात नाव न घालता प्रश्न टाकायचे. एरवी टॅटू काढला तर पाप लागतं का, ख्रिस्ती नसलेल्याशी लग्न केलं तर चर्चमध्ये लागतं का, असे प्रश्न येतात. गेल्या रविवारी चौकटीच्या वहीतल्या पानावर एक आला. वर्गातलं कुणी हे वाचत असेल तर, म्हणून शब्द मुद्दाम बदलते. आशय असा: एखाद्या मुलीच्या मनात नसताना कुणी तिच्याशी तसं केलं, तर तिच्यातलं मंदिर बाटलं का? आत्मा तिथून निघून जातो का?

शरीरसंबंधांची जागा लग्नात आहे, असं मी मानते आणि तेच शिकवणार. "जमाना बदललाय, हा भाग सोडून द्या" असा सल्ला कृपया नको. पण मी शास्त्र अगदी बरोबर शिकवावं आणि ते ऐकून या मुलीने देवाने आपल्याला टाकलं असं समजून घरी जावं, तर मी तिला सुवार्ता सांगितलीच नाही. या भागात तिच्यासाठी काय आहे? आणि चिठ्ठीचं मी काय करू?

निवृत्त_पाळक_नगर

सलाम ताई. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाळक म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे.

आधी उत्तर. नाही. मंदिर बाटलं नाही आणि आत्मा गेला नाही. हे वर्गाच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा, बाकीचं नंतर. ती मुलगी तेवढंच ऐकायला बसलेली असेल. शेवटी सांगाल तर तोवरचं सगळं ती स्वतःवर ओढून घेईल.

आता कारण, कारण नुसत्या धीराच्या शब्दांवर मुलांचा विश्वास बसत नाही. पत्र कुणाला लिहिलंय ते बघा. ग्रीसमधलं करिंथ शहर रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या हुकमाने ते पुन्हा वसलं. वसवायला पाठवलेल्यांत गुलामीतून सुटलेली माणसं पुष्कळ होती. दोन्ही बाजूंना समुद्र, दोन बंदरं, व्यापार जोरात. पौल तिथे दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता. पुढे इफिसाहून त्याने हे पत्र लिहिलं.

मंडळीत गुलाम होते. लगेच पुढच्या अध्यायात, ७:२१ मध्ये, पौल त्यांच्याशी थेट बोलतो. त्या काळी गुलामाचं शरीर मालकाचं असे. मालकाने दासीचा किंवा दासाचा उपभोग घेतला तर रोमन कायद्याच्या लेखी तो गुन्हाच नव्हता. म्हणजे पत्र वाचून दाखवलं जात होतं तेव्हा, मनात नसताना जिच्या शरीराचा वापर झाला होता, कदाचित आदल्या रात्रीही झाला होता, अशी एखादी दासी तिथे बसलेली असणार. अशांना वगळून पौल काहीही लिहीत नाही. तुमचं शरीर मंदिर आहे, आत्मा तुमच्यामध्ये वसतो, असं तो सरसकट सगळ्यांना सांगतो. दुसऱ्याच्या बळजबरीने मंदिर मोडत असतं, तर त्या मंडळीला हे वाक्य त्याला लिहिताच आलं नसतं.

"तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात" हे आपण दटावल्यासारखं वाचतो. बाजारात विकल्या गेलेल्या बाईला ते कसं ऐकू आलं असेल, याचा विचार करा. मालकाने मोजलेल्या पैशाच्या वर कुणीतरी तिच्यासाठी मोल भरलं होतं. तिचा खरा धनी आता ख्रिस्त होता आणि त्याने तिच्यासाठी स्वतःचं शरीर दिलं होतं.

आणि पौल रागावतो कुणावर? सहाव्या अध्यायात ते लोक स्पष्ट दिसतात. "मला सर्व गोष्टींची मोकळीक आहे" असं म्हणत वेश्येकडे जाणारे, अन्न जसं पोटासाठी तसं हेही चालायचंच म्हणणारे. दुसऱ्याचं शरीर वापरणाऱ्याला तो झापतो.

जुन्या करारातही हेच आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकातली २२:२५–२७ ही वचनं वाचा: रानात गाठून बळजबरी केली तर मुलीचा काही दोष नाही, एखाद्याने शेजाऱ्यावर उठून त्याचा जीव घ्यावा तसं ते आहे. आणि २ शमुवेल १३ वर्गात पूर्ण वाचा, गाळू नका. दावीद राजाची मुलगी तामार, तिच्यावर बळजबरी करणारा सावत्र भाऊ अम्नोन याला तोंडावर सांगते की इस्राएलात असं करत नाहीत. नंतर सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. दावीद राजाला राग येतो आणि तो काहीच करत नाही. त्या घराची पुढे काय अवस्था झाली हे शास्त्राने लपवलेलं नाही.

आपल्या मराठी मंडळीतलंच उदाहरण द्यायचं तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं द्या. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशनमध्ये कृपासदन काढलं, समाजाने "पतित" म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. ज्या बाईने मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, तिने या वचनांचा अर्थ असा लावला होता.

वसईची_परिचारिका

ताई, मी कॅथलिक आहे, वसईची. आमच्या धर्मग्रामात लग्नाआधीच्या शिबिरात एक तास घेते. पाळकसाहेबांनी लिहिलंय त्याला एक जोड देते. इ. स. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा अनेक स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांत व्रतस्थ कुमारिकाही होत्या. लोक त्यांना नावं ठेवू लागले. तेव्हा हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी स्पष्ट लिहिलं की शुद्धता मनाच्या निश्चयात असते. मनाने होकार दिला नसेल तर दुसऱ्याच्या वासनेने ती जात नाही. सोळाशे वर्षं झाली याला. मग आपल्या शिबिरांतून हे का सांगितलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता चिठ्ठीबद्दल, नर्स म्हणून. अक्षर जुळवून मुलगी शोधू नका. वर्गात सगळ्यांना सांगा की कुणाला बोलायचं असेल तर मी अमुक वेळी, अमुक ठिकाणी असेन, आणि खरंच तिथे बसा. ती आली तर ऐका. खोदून खोदून विचारू नका, तपशील काढणं आपलं काम नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं आधी बोला. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन अजिबात देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळतं, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हाच. पाळक, फादर, पंच कमिटी यांनी आपसात मिटवायची ही गोष्ट नाही, गुन्हेगार घरातला किंवा मंडळीतला असला तर मुळीच नाही.

मुलींना पोलिसांची भीती वाटते, म्हणून हेही सांगून ठेवा: जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि ती वर्दीत नसते. तपासणी महिला डॉक्टर करते. नाव छापायला बंदी आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मूल स्वतःही फोन करू शकतं. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, वर्षभर.

हिंजवडी_तरुणसंघ

आमच्या तरुण संघात मी कॉलेजच्या मुलग्यांचा गट बघतो. मुलग्यांबद्दल लिहितो, कारण ताईंनी लिहिलंय ते हसू मी पण ऐकलेलं आहे.

मत्तय ५:२८ मध्ये येशू कुणाशी बोलतोय हे त्यांना विचारा. स्त्रीकडे वासनेने बघणाऱ्याशी. तिने काय घातलं होतं, ती कुठे गेली होती, याबद्दल तिथे काहीही नाही. डोळा उपटायचा तर तो स्वतःचा. १ थेस्सलनीका ४ मध्ये पौल म्हणतो की या बाबतीत कुणी आपल्या भावाचा गैरफायदा घेऊ नये, प्रभू त्याचा सूड घेणारा आहे. कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बहीण, असं म्हणायचीही गरज नाही. ती स्वतः मंदिर आहे एवढं पुरे आहे.

फोनबद्दल थेट बोला. मुलं सातवी-आठवीतच तिथे पोचलेली असतात. पॉर्नमध्ये दिसणारं शरीरही कुणाचं तरी आहे, त्यातल्या काहींवर बळजबरी झालेली असते, हे बहुतेकांच्या डोक्यात आलेलंच नसतं. मी सांगतो तेव्हा गट एकदम शांत होतो. आमच्याकडे काही मुलगे रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतात आणि जोडीजोडीने आठवड्यातून एकदा एकमेकांना खरं खरं विचारतात. मालकाच्या बायकोने धरलं तेव्हा योसेफ वस्त्र तिथेच टाकून पळाला ते शास्त्रात शौर्य म्हणून सांगितलंय. पळणं म्हणजे भित्रेपणा नाही, हे सतरा वर्षांच्या मुलाला तोंडाने सांगावं लागतं.

पिंपरीचा_बाप

मला दोन मुली आहेत. वरचं सगळं पटतं, तरी एक विचारतो. जिच्यावर अन्याय झाला तिची गोष्ट वेगळी. पण जी स्वखुशीने गेली तिचं काय? तिलाही "काही बिघडलं नाही" सांगायचं? थोडा धाक हवा की नको? गुलाबाचं उदाहरण कडक असेल, पण ते मुलांच्या लक्षात राहतं. आज कॉलेजच्या बाहेर काय चालतं ते मी रोज बघतो.

शब्बाथशाळा_पुणे

भाऊ, लक्षात राहतं हे खरं आहे. पण काय लक्षात राहिलं ते चिठ्ठीत आलंय. आणि तुमच्या मुली जे शिकतील तेच मुलगेही शिकले का, हे त्या शिबिरात कुणी पाहिलं नाही. तुमचा प्रश्न मात्र मलाही पडतो. पाळकसाहेब, यावर थोडं लिहाल का? परिचारिका ताई, १०९८ उद्याच फळ्यावर लिहिते.

निवृत्त_पाळक_नगर

लिहितो. पिंपरीच्या भावाला "काही बिघडलं नाही" असं कुणी सांगत नाहीये. जारकर्म करणारा आपल्याच शरीराविरुद्ध पाप करतो, असं पौल ६:१८ मध्ये म्हणतो. ते जड वाक्य आहे आणि जडच राहू द्या. शरीर एकाचं आणि मन दुसरीकडे, असा संबंध माणसाला आतून तोडतो. समुपदेशनाला बसलेल्या जोडप्यांत मी हे फार पाहिलंय, लग्न झालेल्यांतही.

पण त्याच अध्यायात नऊ ते अकरा ही वचनं आहेत. जारकर्मी, मूर्तिपूजक, चोर, लोभी, मद्यपी अशी यादी देऊन तो म्हणतो, तुमच्यापैकी कित्येक तसे होते, पण तुम्ही धुतलेले झालात, पवित्र केलेले झालात. त्या मंडळीत पूर्वी काय काय करून आलेली माणसं होती! त्याच माणसांना आठ वचनांनंतर तो मंदिर म्हणतो. खुडलेला देठ असं कुणालाही म्हणत नाही. स्वखुशीने गेलेल्या मुलीला पश्चात्तापाची वाट दाखवायची, आणि तिच्याबरोबर गेलेल्या मुलालाही तीच. दोघांनाही सारखीच, त्याच शब्दांत.

धाकाचं म्हणाल तर, पौल करिंथकरांना "मग तुझ्याशी लग्न कोण करणार" असं एकदाही विचारत नाही. तो कारण देतो ते ६:१४ मध्ये: देवाने प्रभूला उठवलं आणि तो आपल्यालाही उठवील. हे शरीर पुढे उठवलं जाणार आहे, म्हणून आज ते जपायचं. लग्न होवो न होवो, हे कारण तसंच राहतं. चाळिशीच्या अविवाहित बहिणीला लागू, विधवेला लागू, तुम्हा-आम्हालाही लागू.

आणि सातवा अध्याय घरी बायकोबरोबर बसून वाचा, तीन आणि चार ही वचनं. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार आहे, हे त्या काळी कुणीही म्हटलं असतं. नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा तेवढाच अधिकार आहे, हे पौलाने लिहिलं. तुमच्या घरात तसं असेल तर मुली ते बघत असतीलच. जेवताना त्यांच्याशी या विषयावर मोकळेपणाने बोला, आईवर ढकलू नका.