मदत हवी आहे: मागचा डिस्क ब्रेक किंचाळतो, सील गळतंय का?

रोड बाइकला शिमानोचे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक आहेत, 160 मिमी रोटर (चाकावरची चकती), रेझिन पॅड. त्र्यंबक रोडवर पावसात मागचा ब्रेक जोरात किंचाळतो. कोरड्यातही पकड कमीच. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, पॅड सँडपेपरवर घासले, कॅलिपर (पॅड धरणारा भाग) सैल करून लिव्हर दाबून धरत पुन्हा आवळला. रोटर 1.7 मिमी भरतो, म्हणजे 1.5 च्या किमान मर्यादेपेक्षा जास्त आहे.

शंका पिस्टनच्या सीलची (पॅड ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीची, तेल अडवणारी रबरी रिंग). पॅड तेल प्यायले असतील तर बदलावेच लागतील, पण सील गळत असेल तर नवेही वाया जातील. बारीक गळती खात्रीने कशी ओळखायची? मेटल पॅड सुचवू नका, रोटर फक्त रेझिनसाठीचा आहे.

शिवाय नाशिकमध्ये मिनरल ऑइलनेच ब्लीड करणारा (ब्रेकमधली हवा काढून तेल भरणारा) मेकॅनिक कुठे मिळेल? डॉट फ्लुइडने (दुसऱ्या प्रकारच्या ब्रेक ऑइलने) शिमानोची सीलं खराब होतात, म्हणून कुणाच्याही हाती द्यायचं नाही.