एकाच संगणकावर विंडोज की लिनक्स: बॉइंकचे काम कोठे जास्त उरकते?

नभांगण:
नमस्कार. माझ्याकडे ६ कोअरचा, १२ थ्रेडचा आणि १६ जीबी रॅमचा डेस्कटॉप आहे. त्याचा रिकामा वेळ मी बॉइंकमार्फत (घरच्या संगणकांना वैज्ञानिक प्रकल्पांची कामे वाटणारे सॉफ्टवेअर) आइन्स्टाइन ॲट होम या प्रकल्पाला, त्यातल्या पल्सारच्या, म्हणजे वेगाने फिरत नियमित स्पंदने देणाऱ्या ताऱ्यांच्या, शोधासाठी देते. सध्या त्यावर विंडोज ११ आहे. लिनक्सवर हेच काम लवकर होते असे वारंवार वाचल्यामुळे मी बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स बसवून पाहिले, परंतु बॉइंकचे बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचण्या, दोन्हीकडे निराळे आकडे दाखवतात आणि त्यांवरून काय ठरवावे ते मला उमगत नाही. तुलना नेमकी कशी करावी, आणि फरक बदल करण्याइतका मोठा असतो का? अटी दोनच आहेत: नवे हार्डवेअर घ्यायचे नाही आणि विजेचा वापर वाढू द्यायचा नाही. दिवसा याच संगणकावर माझे आरेखनाचे काम चालते आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते.

थंडपंखा:
डोळे मिटून लिनक्स घ्या. मी दोन वर्षांपूर्वी विंडोज पूर्ण काढून टाकले आणि तेव्हापासून माझे रोजचे क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, वाढलेलेच आहे. त्याच सुमारास मी एक चांगले ग्राफिक्स कार्डही बसवले, आणि तुम्हालाही माझा तोच सल्ला आहे, कारण आइन्स्टाइनची जी कामे कार्डावर चालतात ती प्रोसेसरवर करत बसण्यात अर्थ नाही.

काटेकोर:
नभांगण, बेंचमार्कचे आकडे आधी बाजूला ठेवा. बॉइंक दशांश गणितासाठी व्हेटस्टोन आणि पूर्णांक गणितासाठी ड्रायस्टोन ही चाचणी चालवते. विंडोज आणि लिनक्ससाठीची बॉइंक वेगवेगळ्या कंपायलरने (मूळ कोडपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनाने) बांधलेली असते, त्यामुळे त्याच प्रोसेसरवर आकडे बदलतात. पल्सार शोधणारा प्रोग्राम प्रकल्पाने स्वतंत्रपणे बांधलेला असतो आणि त्याच्या वेगाशी या आकड्यांचा संबंध नसतो. क्रेडिटची मूळ व्याख्या मात्र याच मापावर उभी आहे, म्हणजे १ गिगाफ्लॉप (सेकंदाला एक अब्ज दशांश गणिते) क्षमतेच्या संगणकाने दिवसभर केलेल्या कामाला २०० क्रेडिट, आणि म्हणूनच लोक बेंचमार्क वाढला की काम वाढले असे धरून चालतात.

तुलना करायची तर दोन्हीकडे एकाच शोधाची, शक्यतो एकाच मालिकेतील किमान २० कामे पूर्ण होऊ द्या आणि प्रत्येकाचा सीपीयू वेळ (प्रोसेसरने त्या कामावर खर्च केलेला वेळ) व सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष लागलेला वेळ वेगवेगळा लिहून ठेवा. सीपीयू वेळ दोन्हीकडे सारखा असेल आणि प्रत्यक्ष वेळ एकीकडे जास्त असेल, तर प्रोग्राम मंद नसून त्याला प्रोसेसर मिळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. थंडपंखा यांनी कार्ड आणि लिनक्स एकदमच घातल्यामुळे त्यांच्या वाढीतला कोणता वाटा कशाचा, हे आता सांगता येणार नाही.

जुनाजाणता:
मी १९९९ मध्ये सेटी ॲट होम हा परग्रहावरील जीवांचे संकेत शोधणारा प्रकल्प सुरू झाला त्या वर्षापासून यात आहे आणि ३१ मार्च २०२० नंतर त्यांनी नवी कामे पाठवणे थांबवले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. त्या काळीही हाच वाद होता. विंडोजवर सगळे तो सुंदर रंगीत स्क्रीनसेव्हर लावून ठेवत आणि लिनक्सवाले साध्या कमांड लाइनवर तेच काम चालवत. स्क्रीनसेव्हर बंद केला की विंडोजचा वेळही लक्षणीय उतरायचा, पण तोवर दोष विंडोजच्या माथी बसलेला असायचा. तुमच्या बॉइंकचा स्क्रीनसेव्हर चालू असेल तर आधी तो बंद करा.

मूळसंख्या:
तुम्ही जिंप्सकडे, म्हणजे मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पाकडे, वळा, असे मी सुचवेन. त्याचे विंडोजवरचा प्राइम९५ आणि लिनक्सवरचा एमप्राइम या प्रोग्रामांचा गाभा जॉर्ज वोल्टमन यांनी असेंब्ली भाषेत लिहिलेला एकच आहे, त्यामुळे कंपायलरचा प्रश्न जवळपास उरतच नाही. त्यात बेंचमार्कची सोयही आहे. माझ्या संगणकावर दोन्हीकडचा फरक नगण्य निघाला, उलट रॅमची एकच पट्टी होती तिथे दोन बसवल्यावर जो वेग वाढला तो कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमने दिला नसता. तुमच्याही रॅमच्या पट्ट्या बदलून पाहा.

नभांगण:
मूळसंख्या, रॅमच्या दोन पट्ट्या आधीपासूनच आहेत, आणि मला पल्सारचेच काम करायचे आहे. २०१० मध्ये घरच्या संगणकांनी आइन्स्टाइनसाठी पहिला नवा पल्सार शोधला, ती बातमी वाचूनच मी यात आले.

थंडपंखा:
काटेकोर यांचे म्हणणे मला पटत नाही. कार्ड बसवण्याआधीही लिनक्सवर काम हलके वाटायचे. विंडोज मधेच अपडेट घेते, स्वतःहून रीस्टार्ट होते, आणि शेवटच्या चेकपॉइंटनंतरचे (काम जिथवर जतन झाले त्या टप्प्यानंतरचे) गणित वाया जाते. हा तोटा तुमच्या २० कामांच्या वहीत कसा दिसणार?

काटेकोर:
दिसेल, कारण वाया गेलेले गणित पुन्हा करावे लागते आणि तो वेळ बॉइंक बंद करून सुरू करताना टिपता येतो. तुमचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यावर अपडेटची वेळ ठरवून देणे हा उपाय आहे. ऑपरेटिंग सिस्टिम खरोखर निर्णायक ठरते ती निराळ्या ठिकाणी: एलएचसी ॲट होम या प्रकल्पाची काही कामे सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या लिनक्स सॉफ्टवेअरवर अवलंबून असल्याने विंडोजवर ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवावी लागतात, आणि तिथे रॅम व वेळ दोन्हींचा भार वाढतो. तसेच दशांश गणिताची उत्तरे शेवटच्या अंकांत प्रणालीनुसार बदलू शकतात, म्हणून काही प्रकल्प पडताळणीची प्रत त्याच जातीच्या संगणकाला पाठवतात.

हिवाळी:
घाईने डिस्क पुसू नका. मी लॅपटॉपवर लिनक्स बसवताना बॉइंकमधली अर्धवट कामे संपवली नाहीत. सगळी मुदत उलटून परत गेली आणि तीन दिवसांचे गणित मातीमोल झाले. आधी ‘नवीन कामे नकोत’ निवडा, हातातली कामे संपू द्या आणि मगच पुढे जा. दुसरे म्हणजे, अँटिव्हायरसला बॉइंकचा डेटा फोल्डर वगळायला सांगा. आणि तापमान पाहा: माझा लॅपटॉप पहिली वीस मिनिटे जोरात चालतो, मग पंख्याचा आवाज चढतो आणि प्रोसेसरचा वेग उतरतो, त्यामुळे पहिल्या कामाचा वेळ नेहमीच फसवा निघतो.

सफरचंद:
मॅकचा विचार केलात का? माझ्या एम१ प्रोसेसरच्या मॅकवर इंटेलसाठीचे प्रोग्राम रोझेटा २ मधून चालतात आणि पंखा जवळजवळ ऐकूच येत नाही.

मूळसंख्या:
रोझेटा ॲट होम तर प्रथिनांच्या घडणीचा प्रकल्प आहे, त्याचा इथे काय संबंध?

सफरचंद:
तो प्रकल्प वेगळा. मी ॲपलच्या भाषांतर यंत्रणेबद्दल बोलत आहे.

थंडपंखा:
दोन्ही प्रणाली ठेवा, दिवसा विंडोज आणि रात्री लिनक्स. हेच सर्वांत चांगले.

नभांगण:
सर्वांचे आभार. काटेकोर यांच्या पद्धतीने दोन्हीकडे २४-२४ कामे केली आणि हिवाळी यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही वेळा पहिला तास सोडून दिला. सीपीयू वेळ लिनक्सवर किंचित कमी निघाला, साधारण दर तासामागे दोन मिनिटे. प्रत्यक्ष वेळेतली तफावत मात्र सुरुवातीला बरीच मोठी होती, आणि अँटिव्हायरसमधून फोल्डर वगळल्यावर व स्क्रीनसेव्हर बंद केल्यावर ती जवळपास मिटली. एकदम १२ ऐवजी ९ कामे चालवली, तर दिवसभराच्या कामात थोडीच घट होते आणि विजेच्या मीटरवरचा आकडा ठळकपणे उतरतो.

त्यामुळे मी विंडोजवरच राहते आहे. तासामागे दोन मिनिटांसाठी रोज दोनदा संगणक बंद-चालू करणे मला परवडणारे वाटत नाही. बाहेरच्या एसएसडीवरील बॉइंकमधली शेवटची दोन कामे आज रात्री संपतील, आणि उद्यापासून विंडोजवर ९ कामे सुरू होतील.