थेरपिस्ट तीन आठवडे रजेवर गेल्या आणि मी बिथरले. असं कुणाचं होतं का?

रात्रपाळी

आयसीयूत नर्स म्हणून सतरा वर्षं झाली. प्रश्न बालिश वाटेल, आधीच सांगून ठेवते.

दीड वर्षापूर्वी थेरपी सुरू केली ती झोपेसाठी. ड्यूटी संपवून घरी आले तरी कानात अलार्म वाजत राहायचा. वाटलं होतं, पाच-सहा सेशनं होतील, झोपेच्या चार युक्त्या मिळतील, संपेल. तिसऱ्या की चौथ्या वेळी मॅडमनी विचारलं, "घरात कुणाचा मूड कसा आहे हे लहानपणी तुम्हाला कसं कळायचं?" मी पटकन म्हणाले, "कुलपाच्या आवाजावरून."

वडिलांची किल्ली एका दमात फिरली तर संध्याकाळ बरी जायची. दोनदा खुडखुडली की मी धाकट्याला घेऊन आतल्या खोलीत. मारझोड नव्हती हो. अबोला असायचा. आठ-आठ दिवस. त्या दिवसांत आई माझ्याजवळ येऊन रडायची आणि मी तिची समजूत काढायचे. वय वर्षं नऊ.

हे सांगितलं आणि माझं मलाच हसू आलं. वॉर्डात माझं नाव आहे ते याचसाठी! मॉनिटर बोंबलायच्या आधी मला कळतं की पेशंट बिघडतोय. श्वासाचा आवाज बदलतो, हात चादर चाचपायला लागतो. डॉक्टरसुद्धा म्हणतात, सिस्टरना वाटतंय ना, मग बघून येतो.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात मॅडम तीन आठवडे रजेवर गेल्या. महिनाभर आधी सांगितलं होतं, मध्ये गरज पडली तर कुणाला फोन करायचा तेही लिहून दिलं होतं. मी हसून म्हणाले, "जा हो, बिनधास्त जा. तुम्हालाही विश्रांती हवीच." आणि दुसऱ्या आठवड्यात असा संताप चढला की विचारू नका. एका नातेवाइकावर खेकसले. हँडओव्हर देताना एका पेशंटचं पोटॅशियम सांगायचंच राहिलं. पुढच्या सिस्टरने रिपोर्ट बघितला म्हणून निभावलं.

मॅडम परत आल्या, म्हणाल्या, "कसे गेले तीन आठवडे?" मी म्हटलं, "छान." तेव्हापासून दोन सेशनं मी त्यांना वॉर्डातल्या गमती सांगतेय. थेरपी थांबवते असा मेसेज टाइप करून ठेवलाय, पाठवलेला नाही.

स्वतःच्या सुट्टीसाठी भांडणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या सुट्टीचा राग यावा? हे मॅडमना सांगावं का? सांगितलं तर त्यांना अपराधी वाटेल, पुढच्या वेळी रजा घेताना माझा विचार करतील. (लिहिताना कळतंय मी काय करतेय ते. तरी विचारते.)

शंकासूर

खोचकपणे नाही, खरंच विचारतो. दीड वर्ष उपचार घेऊन माणूस एकीच्या रजेने कोसळत असेल, तर हे अवलंबित्व नाही का? माझी पाठ धरली होती तेव्हा फिजिओ पंधरा दिवस गायब होता. मला काही राग-बिग आला नाही.

दुसरी खुर्ची

शंकासूर, तुमच्या पाठीला पूर्वी कुणी वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. फरक तिथे आहे.

मी बारा वर्षं थेरपिस्ट आहे, म्हणजे मॅडमच्या बाजूच्या खुर्चीत बसते. जी जखम नात्यात झाली ती माहिती देऊन भरत नाही. तिला दुसरं नातं लागतं, आणि त्या नात्यातही जुनंच सगळं आधी वर येतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलं की एका अपघाताने होणारा आघात आणि ज्यांच्यापासून सुटका नाही अशा माणसांकडून वर्षानुवर्षं होणारा आघात वेगळे धरायला हवेत. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, अशा गुंतागुंतीच्या आघाताला वेगळं निदान आहे. नेहमीच्या पीटीएसडीच्या (आघातानंतर मागे राहणाऱ्या ताणविकाराच्या) लक्षणांबरोबर त्यात तीन गोष्टी बघतात: भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल खोलवर हलकं मत, आणि नात्यात जवळ राहणं अवघड जाणं. रात्रपाळी, तुम्हाला हे निदान चिकटवत नाहीये. धागा वाचून निदान करणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा.

तुमचं "जा हो, बिनधास्त जा" वाचलं आणि मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग आठवला. आई बाळाशी खेळता खेळता मध्येच चेहरा निर्विकार करते. बाळ आधी काय करतं? हसतं. हातवारे करतं, बोट दाखवतं, आईला परत आणायला जमेल ते सगळं करून बघतं. नाहीच जमलं की तोंड फिरवतं. तुमचं हसणं हा पहिला भाग, वॉर्डातल्या गमती हा दुसरा. या प्रयोगाचा निर्विकार चेहराच लोकांच्या लक्षात राहतो. ट्रॉनिक यांच्या कामातला महत्त्वाचा भाग मात्र पुढचा आहे: चांगल्या जोडीतही आई आणि बाळ बराच वेळ एकमेकांशी जुळलेले नसतातच. चुकतं, पुन्हा जुळतं. तुमच्या घरी अबोला संपल्यावर त्याबद्दल कधी कुणी काही बोललं का? माझा अंदाज, नाही. सगळे जणू काही झालंच नाही असे वागले असतील.

थेरपीत नात्याला तडा दोन तऱ्हांनी जातो. पेशंट भांडतो, किंवा गोड बोलून आत कडी लावतो. भांडणारे परवडतात. मला भीती गोड बोलणाऱ्यांची वाटते, कारण मला पत्ताही लागत नाही.

एकदा एका बाईंनी मला तोंडावर सांगितलं, "रजेची तारीख सांगताना तुम्ही खुशीत होतात." (तपशील बदललेत.) मी आधी सारवासारव केली. खुशीत होतेच हो मी! दिवसभर लोकांची दुःखं ऐकून माझ्याही अंगात काही उरत नाही. सुपरव्हिजनमध्ये (थेरपिस्टही आपलं काम एका अनुभवी थेरपिस्टपुढे मांडतो, तिथे) हे काढलं, पुढच्या आठवड्यात त्यांना म्हटलं, "तुमचं बरोबर होतं, आणि मी ते टाळलं." त्यानंतर जे काम झालं ते आधीच्या आठ महिन्यांत झालं नव्हतं. ब्रिटिश मानसविश्लेषक विनिकॉट यांनी १९४९ मध्येच लिहून ठेवलंय की थेरपिस्टलाही पेशंटचा द्वेष वाटू शकतो, आणि तो कबूल करावा, निदान स्वतःपाशी. तेव्हा तुमच्या रागाने मॅडम मोडून पडणार नाहीत. अपराधी वाटलंच तर त्यांचा सुपरव्हायजर आहे. त्या तुमच्या पेशंट नव्हेत.

निवृत्त सिस्टर

अगं रात्रपाळी, वरचं सगळं पटलं, पण सगळंच लहानपणाच्या खात्यावर टाकू नकोस. चौतीस वर्षं काढली आहेत, त्यातली शेवटची नऊ नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात. त्या तीन आठवड्यांत तुझ्याकडे पेशंट किती होते ते आधी सांग.

इझाबेल मेंझिस या मानसविश्लेषक बाईंनी १९६० च्या सुमारास लंडनच्या एका हॉस्पिटलातल्या नर्सेसचा अभ्यास केला. नर्सेस पेशंटला नावाने न ओळखता बेड नंबर आणि आजाराने ओळखत, जसं 'दहा नंबरचं लिव्हर'. कामाचे इतके तुकडे पाडलेले की कुणाचा कुणात जीव गुंतूच नये. बाई म्हणाल्या, ही भीतीपासून वाचायची तजवीज आहे, आणि हिच्यामुळे नर्स अधिकच एकटी पडते. मी वाचलं तेव्हा गारच पडले. आम्ही 'सात नंबरचा व्हेंटिलेटर' म्हणायचो. तुम्हीही म्हणत असालच.

मानसविश्लेषक बालिंट यांनी १९५० च्या दशकात डॉक्टरांचे गट सुरू केले, पेशंटमुळे आपल्याला काय होतं ते बोलायला. आमचा गट म्हणजे कपडे बदलायची खोली, आणि तिथेही एक डोळा घड्याळावर. आयसीडी-११ मध्ये बर्नआउट आजार म्हणून नाही, नोकरीतून उद्भवणारी गोष्ट म्हणून नोंदलंय. ते मॅट्रनना वाचून दाखव.

आणि पोटॅशियमचा इन्सिडंट फॉर्म, चूक नोंदवायचा तो, भरलास का? थेरपी चालू राहू दे, फॉर्म आधी भर.

शंकासूर

फिजिओचं मागे घेतो.

रात्रपाळी

सिस्टर, त्या पंधरवड्यात आमच्यातल्या दोघी सिस्टर रजेवर होत्या. माझ्याकडे दोन व्हेंटिलेटर आणि एक नुकताच ट्यूब काढलेला. फॉर्म काल भरला. हात थरथरत होता, पण भरला. इन्चार्ज म्हणाल्या, "कशाला लिहिलंस, काही झालं तर नाही ना?"

दुसरी खुर्ची, तुमचा अंदाज बरोबर. कुणीच काही बोलायचं नाही. वडील पेपर वाचता वाचता एकदम विचारायचे, "अभ्यास झाला का?" म्हणजे समजायचं, संपलं.

आज सेशन होतं. चाळीस मिनिटं इकडचं तिकडचं झालं, मग पायपुसण्याकडे बघत म्हटलं, "मला तुमचा राग आला होता." मॅडमनी सॉरी म्हटलं नाही, मला तीच धास्ती होती. विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी. त्यांनी बोटांवर मोजलं. "नववा दिवस."

अबोला आठ दिवसांच्या वर कधी गेला नव्हता.

वेळ संपली तेव्हा माझं रडणं चालूच होतं. मेसेज अजून ड्राफ्टमध्ये आहे, काढलेला नाही. पुढच्या मंगळवारी तेही सांगावं म्हणते.