एम.एस.डब्ल्यू. प्रवेशाची मुलाखत : मराठी माध्यमातून आलेल्यांनी तयारी कशी करावी?

काळाचौकीची

नमस्कार. मी यंदा समाजशास्त्र घेऊन बी.ए.ची शेवटची परीक्षा दिली असून एम.एस.डब्ल्यू.साठी (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) मुंबईतल्या दोन संस्थांकडे अर्ज केले आहेत. त्यांपैकी एका संस्थेची लेखी परीक्षा पार पडली आणि आता मुलाखतीला सतरा दिवस उरले आहेत. माझी शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची होती आणि कॉलेजातही मी पेपर मराठीतूनच लिहिले. इंग्रजी वाचलेले समजते, परंतु तीन-चार अनोळखी प्राध्यापकांसमोर बोलताना शब्द सापडतील की नाही, याची धास्ती वाटते. अनुभव म्हणाल तर एन.एस.एस.ची (राष्ट्रीय सेवा योजनेची) दोन वर्षे, एवढाच. अर्जात मी ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ असे लिहिले आहे आणि त्यावर काय विचारतील याचा अंदाज येत नाही. शिवाय घरी वडील विचारतात, की लोकांना मदत करायला पदवी कशाला लागते. हाच प्रश्न तिथे विचारला गेला तर माझ्याकडे उत्तर नाही.

वॉर्डातली ताई

मी एका सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते. तुमच्या वडिलांचा प्रश्न हाच मुलाखतीतला मुख्य प्रश्न आहे, असे समजून तयारी करा. त्याचे उत्तर ‘आवड’ या शब्दात सापडणार नाही. पायाला प्लास्टर घातलेल्या रुग्णाला डॉक्टर घरी सोडतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीने उपचार झालेला असतो. परंतु तो माणूस पोटमाळ्यावर राहतो, वर जायला लोखंडी शिडी आहे आणि त्याची मजुरी रोजंदारीवर आहे, ही माहिती काढणे, घरच्यांशी बोलणे, निधीसाठी कागद तयार करणे आणि हे सारे त्याला लाचार न करता करणे, याचे शिक्षण घ्यावे लागते. आपल्या शहरात हे शिक्षण नागपाड्यात १९३६ साली सुरू झाले. त्याच संस्थेला आज आपण देवनारची ‘टिस’ (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) म्हणतो. इतिहास पाठ म्हणून दाखवू नका, पण हा व्यवसाय आहे आणि त्याला पद्धत आहे, एवढे मनात पक्के असू द्या.

एन.एस.एस.चे २४० तास सगळ्याच उमेदवारांचे असतात. त्या तासांत तुम्हाला खटकलेला एखादा प्रसंग असेल, तर तो इथे लिहाल का?

काळाचौकीची

एक आहे, पण तो अर्जात लिहायला लाज वाटली. आमचे सात दिवसांचे निवासी शिबिर शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर होते. आम्ही तिथे सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले, फोटो काढले. शेवटच्या दिवशी एक आजी म्हणाल्या, की उन्हाळ्यात इथे टँकरची वाट बघावी लागते, सांडायला पाणी आहेच कुठे! तानसा आणि भातसा ही धरणे त्याच तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईत आमच्या काळाचौकीच्या नळाला येते, हे मला परतताना एस.टी.त कोणीतरी सांगितले.

वॉर्डातली ताई

लाज वाटली तोच प्रसंग सांगा. मात्र पुढचा प्रश्न येईलच, की आज तिथे गेलात तर काय वेगळे कराल. ‘जनजागृती करू’ हे उत्तर कृपा करून देऊ नका. अगोदर कोणाला, काय विचाराल, ते सांगा.

दुसऱ्या खेपेचा

भाषेबद्दल माझा अनुभव सांगतो. मीही मराठी माध्यमाचा. पहिल्या वर्षी एका संस्थेत इंग्रजीतून स्वतःची ओळख घोकून गेलो, तिसऱ्याच वाक्याला एका मॅडमनी मध्ये प्रश्न विचारला आणि मला पुढचे काहीच आठवेना. निवड झाली नाही, ते योग्यच झाले. पुढच्या वर्षी मी सुरुवातीलाच विनंती केली, की इंग्रजीतून प्रयत्न करतो, अडलो तर ते वाक्य मराठीतून बोलू का. त्यांनी होकार दिला. प्रत्येक ठिकाणी असा होकार मिळेलच असे नाही, म्हणून सोप्या, लहान वाक्यांची सवय ठेवा. पाठांतर टाळा. घरातल्या कोणाला तरी तुमचा प्रसंग सांगा आणि त्यांना मुद्दाम मध्ये तोडायला सांगा; आरशासमोर बोलण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो, कारण आरसा प्रश्न विचारत नाही.

निवृत्त प्राध्यापिका

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मी अनेक वर्षे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले, म्हणून थोडी भर घालते. आम्ही अर्ज समोर ठेवूनच प्रश्न विचारत असू. राहण्याचे ठिकाण ‘काळाचौकी’ दिसले की गिरणगावाचा, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागाचा, विषय निघणारच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप, गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ साली झालेला नियम आणि २००१ साली त्यात झालेला बदल, ज्यामुळे घरे व मोकळ्या जागा यांच्या वाट्याला येणारी जमीन फार कमी झाली, हे निदान आपल्या भागापुरते माहीत असावे. ठाऊक नसेल ते ‘ठाऊक नाही’ म्हणावे. थापा लगेच कळतात, आणि खरे सांगायचे तर आम्हाला त्याच कंटाळवाण्या वाटत. मुंबई पोलिसांसोबत १९८४ पासून चालणारा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष कसे काम करतो, हेही वाचून जा.

कागदपत्रांत ढिलाई नको. तुम्ही ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपलेली नाही ना, ते पाहा. केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या संस्था केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र मागतात आणि राज्याच्या नमुन्यातले तिथे चालत नाही. हे ऐन वेळी कळून रडणारी मुले मी पाहिली आहेत. शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा.

काळाचौकीची

सर्वांचे मनापासून आभार. प्रमाणपत्र मागच्याच वर्षीचे निघाले, सोमवारी सेतू केंद्रात जाते. काल रात्री वडिलांना शहापूरचा प्रसंग सांगायला बसले आणि मध्ये तोडायला सांगितले. त्यांनी पहिल्याच वाक्याला विचारले, ‘मग ते खड्डे आता आहेत का बुजले?’ मला माहीत नव्हते. एन.एस.एस.च्या सरांकडून त्या पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेचा नंबर मागितला आहे.