मदत हवी आहे: इशापूर २ए१ घ्यावी का?

मी ओहायोत राहतो, ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे कायद्याची बाजू दुकानदारच बघेल. १०० यार्डांवर कागदी टार्गेट मारायला जुनी लष्करी रायफल हवी आहे. स्कोप नको, लोखंडी साइटच.

एक इशापूर २ए१ बघून ठेवली आहे. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या घराण्यातली, पण ७.६२ नाटो काडतुसाची. मानेवर आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी, इशापूर) आणि १९६७ कोरलंय. (आपल्याकडची म्हणून जीव अडकला, हे कबूल!) बोल्ट आणि रिसीव्हरचे नंबर जुळतात. नळीत टॉर्च मारून पाहिलं, चर स्पष्ट दिसतात, तोंडाशी थोडा काळपटपणा आहे. लाकडाला मागच्या बाजूला बारीक तडा आहे, तो चालेल.

अडलंय हेडस्पेसवर, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणाऱ्या जागेवर. गनस्मिथने .३०८ चे (७.६२ नाटोसारखंच नागरी काडतूस) मापाचे गेज लावले: 'नो-गो'वर (यावर बोल्ट बंद होऊ नये) बोल्ट बंद होतो, 'फील्ड'वर (वापराची शेवटची मर्यादा) होत नाही. तो म्हणतो चालेल, पण जुन्या रायफलींचा त्याला फारसा अनुभव नाही. मी काडतुसं घरी भरत नाही, विकतचीच वापरणार. .३०३ ची नंबर ४ ली-एनफिल्ड सुचवू नका, त्या काडतुसांचा खर्च झेपणार नाही.

ज्यांनी २ए१ प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी सांगा: असं हेडस्पेस असताना नाटो दाबाची काडतुसं बिनधास्त मारता का? आणि दुकानातली .३०८ अजिबात टाळता का?