ट्रान्झिशन इयरमध्ये वर्ष वाया जातं का? अनुभव सांगा

लेक यंदा इथल्या माध्यमिक शाळेत थर्ड इयरला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. जूनमध्ये ज्युनियर सायकलची, म्हणजे या पहिल्या तीन वर्षांच्या टप्प्याची परीक्षा, आणि शाळेनं आत्ताच विचारलंय, पुढे ट्रान्झिशन इयर की थेट फिफ्थ इयर? आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी सांगते, हे मधलं वर्ष बहुतेक शाळांत ऐच्छिक असतं. १९७४ साली तीन शाळांत सुरू झालं आणि १९९४ पासून देशभर पसरलं. सरकारी परीक्षा नाही. स्वयंपाक, प्रथमोपचार, नाटक, मुलांनी चालवलेली छोटी कंपनी, आणि काही आठवडे बाहेर प्रत्यक्ष काम. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे पोरीचं वर्ष बुडणार?" खरं सांगायचं तर माझ्याही पोटात तोच गोळा आहे. ज्यांच्या मुलांनी केलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा. शाळांची नावं नकोत.

डब्लिनचे एक बाबा

वर्ष बुडत नाही, पण काम मिळवताना घाम फुटतो. शाळेनं विम्याचं पत्र हातात दिलं आणि जागा तुम्हीच शोधा म्हणाली. मुलाच्या वर्गमित्रांचे काका वकील, मावशी दवाखान्यात, शेजारी गॅरेजवाला. त्यांचं आठवड्याभरात ठरलं. आमच्या ओळखी सगळ्या आयटीतल्या, आणि त्या कंपन्यांना सोळा पूर्ण हवे होते, हा पंधराचा. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या मिडटर्मला, तो सीव्हीच्या प्रती घेऊन गावातल्या दुकानांतून पायी फिरला. मी गाडीत बसून होतो. अकरा ठिकाणी नकार ऐकला. बाराव्या, हार्डवेअरच्या दुकानात मालक म्हणाला, सोमवारी ये.

दोन आठवडे त्यानं खोकी फोडली, फळ्या लावल्या, स्क्रूचे प्रकार पाठ केले. सकाळी सातला येणाऱ्या प्लंबरांशी बोलायला शिकला. घरी आमच्याशी धड दोन वाक्यं न बोलणारा मुलगा! त्या उन्हाळ्यात साताऱ्याला गेलो तेव्हा आईकडचा गळका नळ त्यानं उघडला, वॉशर बदलला आणि बंद केला. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो नळ दाखवते.

कॉर्कहून एक आई

माझा अनुभव वेगळा आहे, तोही असू द्या. आम्ही ३५० युरो भरले, सहलींचे वेगळे. सप्टेंबर-ऑक्टोबर छान गेले. नंतर बरेच तास नुसते सिनेमे. कामाच्या आठवड्यात जागा न मिळाल्यानं लेक घरीच राहिली, शाळेनं एकदाही विचारलं नाही. फिफ्थ इयरला गेल्यावर हायर लेव्हल (वरच्या पातळीच्या) गणिताचा सराव इतका सुटला होता की नाताळपर्यंत रडारड चालली. तेव्हा शाळा वर्षभराचा कार्यक्रम लेखी देते का ते आधी बघा, आणि वरच्या वर्गातल्या दोन मुलांना विचारा. माहितीपत्रक सगळ्यांचंच सुंदर असतं.

गॉलवे, आता कॉलेजात

आईनं मला इथं लिहायला लावलंय. आमची चार मुलींची मिनी कंपनी होती. मी म्हटलं, चिवडा विकूया. पण शाळेत शेंगदाण्याला सक्त बंदी, ॲलर्जीमुळे. शेंगदाण्याशिवाय चिवडा ऐकून आजीनं फोनवरच कपाळाला हात लावला, मग तिनंच सुचवलं की डाळं वाढव आणि सूर्यफुलाच्या बिया घाल. घटकांचं लेबल छापलं, पाकीट दोन युरोला. पहिल्या दिवशी सगळं संपलं आणि रात्री हिशोब केला तर तोटा! पाकिटं आणि लेबलांचा खर्च आम्ही धरलाच नव्हता. मी आज अकाउंटिंग शिकते ते त्या रात्रीमुळे.

गाश्काचं ब्राँझही केलं. हा राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार. त्यासाठी समाजकार्य, एक कौशल्य आणि व्यायाम आठवडेच्या आठवडे करावा लागतो, शेवटी २५ किलोमीटर चालायचं असतं. समाजकार्य म्हणून मी वृद्धाश्रमात आज्यांना व्हॉट्सॲप शिकवायला जायचे. पाऊस म्हणजे काय ते मला चालताना कळलं.

शिरूर तालुका

मी आयर्लंड पाहिलेलं नाही, तरी लिहितो. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आमच्या शाळेत आठवी ते दहावी होता. आठवड्यातून एक दिवस हातानं काम: वेल्डिंग, फेरोसिमेंट (तारेच्या जाळीवर सिमेंटचं काम), कलमं बांधणं, रक्तगट तपासणं. गावातल्याच लोकांची कामं आम्ही करून द्यायचो. माझ्या पहिल्या वेल्डिंगची मांडणी आईच्या स्वयंपाकघरात आहे, थोडी तिरकी. दहावीला कुणाचं काही बुडलं नाही. उलट भूमितीतला कोन मला गुण्या हातात आल्यावर समजला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉर्कच्या ताई, तुमचं वाचून शाळेत जाऊन वेळापत्रक मागितलं, दोन पानी मिळालं. फॉर्म भरतोय. आता भीती त्या अकरा नकारांची. लेकीला प्राण्यांच्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत जायचंय, आणि आमच्या ओळखीत कुणीही नाही.

डब्लिन, पश्चिमेकडून

मी अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे दर मार्चला एका आठवड्यासाठी दोन मुलं घेतात, सोळा पूर्ण लागतात. आजवर दोन्ही जागा साहेबांच्या ओळखीतच गेल्या, कारण मी कधी विचारलंच नाही. उद्या विचारते. लेकीला सांगा, पत्र तिनं स्वतः लिहायचं.